पेंद्याची शिदोरी

आषाढी एकादशीच्या आधी शेगावच्या श्रीगजाननमहाराजांची पालखी पंढरीच्या वाटेने हिंगोली जिल्ह्यात शिरते आणि रिसोडकडून पानकनेरगाव मागे टाकून सेनगावास येते. त्या दिवशी सेनगावात कोणी घरात राहात नाही. रस्त्यावर सडे पडतात, दारोदार रांगोळ्या निघतात, वारकऱ्यांच्या चहाफराळासाठी तरुणांची धावपळ चालते. पेरणीच्या विवंचनेत असलेला शेतकरीही घटकाभर आभाळाकडे पाहण्याचे सोडून टाळांच्या तालावर उभा राहतो. वारीची रीत अशी की, लहानाने थोराच्या पाया पडावे आणि थोरानेही लहानाच्या पडावे. तेथे वय, जात, विद्या, धन यांची पुसतपास नाही. असा सोहळा पाहिला म्हणजे समतेचा केवढा मोठा वारसा आपल्याकडे आहे, असे वाटून आमचीही छाती फुगते. परंतु त्याच क्षणी एक प्रश्न मनात येतो आणि ती फुगलेली छाती पुन्हा जागच्या जागी बसते. त्या दिवशी खरोखरच कोणी घरात राहात नाही काय?

राहते. सेनगावात राहते, हिंगोलीत राहते. आणि गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी पुण्यात व मुंबईतही राहते. पंचविशी उलटलेला, अंगापिंडाने धडधाकट, परंतु ज्याच्या बुद्धीची वाढ बाळपणीच मंदावली असा एखादा मुलगा, किंवा अशी एखादी मुलगी, टाळमृदंगाचा आवाज कानी पडताच दाराशी धावते; आणि दाराला कडी असते. ही कडी दुष्टाव्याने घातलेली नसते. आई म्हणते, “एवढ्या गर्दीत त्याला कोठे न्यायचे? लोक बघत राहतात, पोरे टवाळी करतात, आणि तो हात सोडून पळाला तर मी एकटीने काय करायचे?” त्या माउलीस दोष देण्याची आमची छाती नाही. आमचा प्रश्न त्या घराबाहेरच्या लोकांस आहे. गावात एवढे तरुण, एवढे शेजारी, एवढे भाऊबंद असता, “चल, मी तुला पालखीला नेतो,” असे म्हणत एकही माणूस त्या दाराशी का आला नाही? आई एकटी का पडली, आणि तिचा मुलगा मित्रावाचून का राहिला?

आमच्या मते या माणसांच्या सर्व दुःखांचे मूळ याच एका प्रश्नात आहे. ज्यास आम्ही बुद्धीचे व्यंग म्हणतो त्याने माणसाचे जितके नुकसान होते, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, नुकसान सोबतीच्या दुष्काळाने होते. आणि पहिले नुकसान दैवाच्या हातचे असले तरी दुसरे सर्वस्वी आमच्या हातचे आहे. हे विधान पुष्कळांस कडू लागेल. ते पुढे सिद्ध करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या माणसांस नावे ठेवण्यात आणि नावे देण्यात आमचा समाज कधीही मागे पडलेला नाही. १९१२ च्या इंडियन ल्युनसी अॅक्टाने जन्मतः मंदबुद्धी असलेल्यास आणि वेडाचा रोग जडलेल्यास एकाच व्याख्येत कोंबले होते. ती चूक निस्तरण्यास ७५ वर्षे लागली. १९८७ च्या मेंटल हेल्थ अॅक्टाने बुद्धीची मंदता हा मनोरोग नव्हे असे मानून ती आपल्या व्याख्येतून वगळली. १९९५ च्या कायद्याने या लोकांस अपंगांच्या यादीत जागा दिली, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने त्यांच्या पालकत्वाची सोय केली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ हा सभ्य शब्द रूढ केला. महाराष्ट्राने २०२२ साली दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही काढले. वेडसर, मंदबुद्धी, मतिमंद, दिव्यांग अशी ही नावांची चढती भाजणी झाली. शब्द सुधारले ही चांगलीच गोष्ट झाली. अपमानास्पद शब्दाने माणूस रोज थोडा थोडा मरतो. परंतु शब्द बदलले तरी बसण्याची जागा बदलली नाही. पूर्वी ‘वेडा’ म्हणून ज्यास पंगतीच्या कडेला बसवीत, त्यास आता ‘दिव्यांग’ म्हणून त्याच कडेला बसवितात.

आमच्या लोकांनी काहीच केले नाही, असे मात्र नव्हे. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या निमित्ताने जी शाळा काढली, तिची आज जयवकील ही मोठी संस्था झाली आहे. पुण्यात १९६४ साली कामायनी निघाली. मुले मोठी झाल्यावर त्यांचे काय, या काळजीने जळणारे पालक एकत्र आले आणि त्यांनी बदलापुरास ‘आधार’, डोंबिवलीजवळ खोणीस ‘घरकुल’ अशी प्रौढांची वसतिगृहे उभी केली. या लोकांच्या चरणी आमचे मस्तक नम्र आहे. परंतु नावे पुन्हा वाचून पाहा: मुंबई, पुणे, बदलापूर, डोंबिवली. २०११ च्या खानेसुमारीत बुद्धीची मंदता म्हणून नोंदलेली माणसे भारतात १५ लाखांहून अधिक भरली. ती सारी काही लोकलगाडीच्या अंतरावर राहात नाहीत. सेनगावच्या शेतमजुराने आपला मुलगा बदलापुरास न्यावा आणि वर्षातून एकदा भेटून यावे, हा काही गावाच्या प्रश्नाचा उलगडा नव्हे.

शिवाय शाळेलाही शेवट असतो. २०१६ च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे तो ६ व्या वर्षापासून १८ व्या वर्षापर्यंत. निवासी शाळेत असतो तोवर मुलाला दहा सोबती असतात. त्यांच्याशी तो भांडतो, त्यांच्या ताटातले ओढतो, रात्री त्यांच्या शेजारी निजतो. अठरावे सरते आणि प्रत्येक जण आपापल्या गावच्या ओट्यावर येऊन बसतो. तेथून पुढचे आयुष्य केवढे? अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुर्मान १९८३ साली सुमारे २५ वर्षे होते. आज ते ६० च्या आसपास गेले आहे. वैद्यकाने ही वर्षे मिळवून दिली. परंतु त्या मिळालेल्या वर्षांत करायचे काय, बोलायचे कोणाशी, वाट पाहायची कोणाची, हे ठरविणे वैद्याचे काम नव्हे. तेथे समाजाने पुढे यावयाचे होते. समाज आला नाही.

आता या बाबतीत सुशिक्षितांकडून जे आक्षेप ऐकू येतात त्यांचा परामर्श घेऊ.

पहिला आक्षेप असा की, मैत्री ही समजूतदार माणसांची गोष्ट आहे. ज्याला दहापर्यंत अंक मोजता येत नाहीत त्याला मैत्री काय कळणार? आम्ही उलट विचारतो, मैत्रीला कोणती बुद्धी लागते? कोणाच्या येण्याने आनंद व्हावा, न येण्याने चुटपुट लागावी, आपल्या हातातला अर्धा लाडू दुसऱ्यास द्यावासा वाटावा, याला त्रैराशिक येण्याची जरुरी कोणती? उलट ज्यांना हिशेब फार चांगला येतो त्यांचीच मैत्री हिशेबाने मोडलेली आम्ही पाहिली आहे. ‘चौकट राजा’ हा १९९१ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांस दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला नंदू आठवत असेल. त्या चित्रपटाने डोळे ओले केले ते नंदूची बुद्धी कमी म्हणून नव्हे. बाळपणीच्या मैत्रिणीविषयीची त्याची ओढ कमी झाली नाही, म्हणून.

आणि चित्रपटापर्यंत तरी कशाला जावे? आमच्या कीर्तनकारांनी आणि गौळणी गाणाऱ्यांनी पेंद्या पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवला आहे. पाय वाकडे, बोल बोबडे, समज भोळी. आणि तरीही गोकुळातल्या खेळात तो श्रीकृष्णाचा लाडका सवंगडी. पेंद्याची बुद्धी आधी मोजून घ्या आणि मग त्याला खेळात घ्या, असे यमुनेच्या वाळवंटात कोणी म्हटले नाही. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र झाल्या, त्यांत पेंद्याचीही झाली. काला म्हणजे हेच की, एकदा कालविल्यावर दही कोणाचे आणि शिळी भाकरी कोणाची, हे कोणास सांगता येऊ नये. आज आम्ही काय करतो? आम्ही पेंद्याला शिदोरी बांधून देतो, आणि दूर बसून खा म्हणतो. भूक भागते, काला होत नाही. सप्ताहाच्या शेवटी काल्याचा प्रसाद हातावर घेऊन जे डोळे मिटतात, त्यांनी या भेदाचा एकदा विचार करावा.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो अधिक प्रामाणिक आहे. बाहेर सोडले तर कोणी फसवील, कोणी मारील, मुलीच्या बाबतीत तर बोलायलाच नको. ही भीती खोटी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मैत्रीचे सोंग घेऊन अशा माणसाचे पैसे लुबाडणारे आणि त्याहून नीच कृत्ये करणारे नराधम जगात आहेत. परंतु कडी हा या भीतीवरचा उपाय नव्हे. जो आयुष्यात एकाही खऱ्या मित्राच्या सहवासात राहिला नाही त्याला खोटा मित्र ओळखता कसा यावा? ज्याला जन्मभर प्रत्येकाचे ऐकावयास शिकविले, ‘नाही’ हा शब्द ज्याला कधी उच्चारू दिला नाही, तोच लुच्च्यांचे सोपे भक्ष्य होतो. शिवाय गावातली वीस माणसे ज्याला नावाने हाक मारतात, तो एक दिवस दिसला नाही तर वीस जण विचारतात. ज्याला कोणीच ओळखत नाही, त्याच्यावर घरात काय गुजरते हेही कोणास कळत नाही. म्हातारे आईबाप रात्री झोप न लागता एकच विचारतात, “आमच्यामागे याचे कोण?” कायद्याने नेमलेला पालक त्याच्या पैशांचा हिशेब पाहील, कागदावर सही करील. पण तो आज ओट्यावर का आला नाही, हे पाहावयास येणारा माणूस कायद्याला नेमता येत नाही. तो आईबापांच्या हयातीतच मिळवावा लागतो.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा वेष घेऊन येतो. मराठवाड्यासारख्या पाऊस रुसणाऱ्या मुलखात आधी भाकरीचे पाहावे. करमणूक आणि दोस्ती हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे काही विद्वान म्हणतात. हे विद्वान स्वतः मात्र संध्याकाळी मित्रांच्या बैठकीवाचून एक दिवस काढू शकत नाहीत. ज्या गरिबीचे ते नाव घेतात त्या गरिबांनीच भजन, भारूड, जत्रा आणि पारावरच्या गप्पा निर्माण केल्या. पोट भरल्यावर मग गाऊ, म्हणून ते थांबून राहिले नाहीत. ज्या डॉक्टर लँग्डन डाऊनने १८६६ साली त्याच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या अवस्थेचे वर्णन केले, त्याने लंडनजवळच्या आपल्या नॉर्मन्सफील्ड येथील आश्रमात १८७९ साली एक नाट्यगृह उघडले. त्याच्या काही कल्पना आज टाकाऊ ठरल्या आहेत, पण अशा माणसांस औषध आणि अन्न यांच्याइतकेच नाटकही लागते, हे त्यास कळले होते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारनाम्यातील ३० वे कलम आणि आमच्या २०१६ च्या कायद्यातील २९ वे कलम हेच सांगते: सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेणे हा या लोकांचा हक्क आहे. भारताने तो करारनामा २००७ साली मान्य केला. तेव्हा ज्याला चोचले म्हणून हिणवितात ते देशाने दिलेले वचन आहे.

श्रीमंत देशांत सर्व आलबेल आहे, असेही कोणी समजू नये. इंग्लंडात ब्रायटन येथे ‘हेवी लोड’ नावाचा एक वाद्यवृंद होता. त्यातील काही वादक स्वतःच अशी बौद्धिक अडचण असलेले. त्यांच्या ध्यानात आले की, आपल्या जलशास येणारे आपल्यासारखेच श्रोते रात्री नऊ वाजताच, गाणे रंगात असता, उठून जातात. कारण काय? त्यांची देखभाल करणाऱ्या नोकरांची पाळी दहाला संपत असे. पगारी माणसांच्या घड्याळावर एका प्रौढ माणसाची रात्र संपत होती! त्यांनी त्याविरुद्ध ‘जागे राहा’ अशी चळवळच उभारली आणि पुढे, नोकराऐवजी त्याच गाण्याची आवड असलेला एक स्वयंसेवक मित्र सोबत द्यावयाचा, असा उपक्रम सुरू केला. त्यातील मर्म आम्ही घेतले पाहिजे. सोय ही मैत्रीची जागा घेऊ शकत नाही. फार तर ती मैत्रीची वाट मोकळी करील.

चौथा आक्षेप म्हणजे आक्षेप नव्हेच, ती पळवाट आहे. “आम्ही देणगी देतो,” असे कित्येक सज्जन म्हणतात. मुलाच्या वाढदिवशी अशा एखाद्या शाळेत जिलेबी वाटावयाची, फोटो काढावयाचे, “किती निरागस असतात नाही!” असे म्हणून मोटारीत बसावयाचे आणि पुन्हा पुढच्या वर्षीपर्यंत त्या वाटेस जावयाचे नाही, ही आमच्या वर्गाची दानशूरता आहे. वाचकहो, रागावू नका. आम्हीही याच वर्गातले आहो आणि ही जिलेबी आम्हीही वाटली आहे. परंतु त्या दिवशी ज्या मुलाने आमचा हात धरून “उद्या येणार?” असे विचारले, त्यास आम्ही काय उत्तर दिले हे आम्हांस आठवते, आणि ते आठवून मान खाली जाते. २०२५ साली ‘सितारे जमीन पर’ हा चित्रपट आला. अशाच दहा खेळाडूंच्या भूमिका अशाच दहा नटांनी केल्या आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी किती जणांनी शेजारच्या घरातील मुलाला तो खेळ पाहावयास बरोबर नेले होते? पडद्यावरच्या परक्यास टाळी आणि शेजारच्या ओळखीच्यास कडी, हा व्यवहार आता पुरे.

दोन शब्द अशा मुलांच्या घरच्यांशीही बोलणे प्राप्त आहे. ते आम्ही हात जोडूनच बोलतो. थोरल्या मुलाचे असे आहे हे कळले तर धाकटीचे स्थळ मोडेल, म्हणून पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत बसवितात. ही लपवाछपवी अज्ञानावर उभी आहे. जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, बाळपणीचा मेंदूज्वर, आहारात आयोडीनचा अभाव, अशी कित्येक कारणे आनुवंशिक मुळीच नसतात. डाऊन सिंड्रोमही बहुधा वंशपरंपरेने येत नाही. आणि कारण काहीही असले तरी ते कोणाचे पाप नव्हे. जे सोयरे एका निष्पाप भावाला पाहून पळतात, ते उद्या तुमच्या मुलीच्या आजारपणातही पळतील. ते आधीच कळले तर बरेच झाले म्हणावे. तुम्ही मूल लपविता तेव्हा त्याच्याबरोबर त्याची आईही लपते. तिचे हळदीकुंकू सुटते, माहेरपण सुटते, मैत्रिणी तुटतात. एका कडीमागे दोन जन्म कोंडले जातात.

मग करावयाचे काय? आम्ही नवी संस्था, नवी इमारत, नवे अनुदान मागत नाही. जे आहे त्यात जागा मागतो. सेनगावात आठवड्याचा बाजार भरतो, भजने होतात, गणेशमंडळे आहेत. हिंगोलीचा दसरा तर दूरदूरच्या लोकांस खेचून आणतो. भजनात एक टाळ त्याच्या हाती द्या. ताल चुकला तर पांडुरंग काही उठून जाणार नाही. मंडळाच्या मांडवात खुर्च्या लावण्याचे काम त्याला सांगा, आणि त्याने ते नीट केले नाही तर इतरांस बोलता तसे त्यालाही बोला. १९६८ साली शिकागोस सुरू झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्सच्या चळवळीनेही पुढे दोन्ही प्रकारचे खेळाडू एकाच संघात खेळविण्याचा प्रकार सुरू केला. मग गावच्या मैदानात ते अशक्य का असावे? मुख्य गोष्ट दोन. एक म्हणजे पुन्हा येणे. सणाला एकदा येतो तो पाहुणा. दर शनिवारी येतो तो मित्र. दुसरी म्हणजे त्याच्याकडून घेणे. आम्ही या माणसांस सदैव देतच राहतो आणि म्हणून ते कधी आमच्या बरोबरीचे होत नाहीत. त्याने आणलेला पेरू खा, त्याच्या आवडीच्या गाण्याला बसा, त्याला नको असेल तेव्हा त्याचा नकार माना, त्याच्याशी भांडा आणि पुन्हा समेट करा. भांडणाचा हक्क नाही ती मैत्री नव्हे, ती केवळ दया आहे.

सेनगावाहून निघालेली पालखी पुढे नरसीवरून जाते. नरसी म्हणजे संत नामदेवांचे गाव. तेथून पुढे औंढ्याला नागनाथाचे देऊळ लागते. परंपरा सांगते की, या देवळापुढे नामदेवांचे कीर्तन चालले असता त्यांस तेथून उठविले आणि मागे जा म्हणून सांगितले. ते मुकाट्याने मागे गेले आणि तेथे गाऊ लागले. आणि मग देऊळच फिरले. याच पालखीत ज्यांच्या पादुका असतात त्या शेगावच्या महाराजांसही, उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचताना प्रथम पाहणाऱ्या पुष्कळांनी, वेडाच समजले होते असे सांगतात. ज्या मुलखातून हे दोघे गेले, त्या मुलखाने तरी कोणाला मागे बसवू नये. दगडाचे देऊळ फिरले यावर आमचा विश्वास आहे. आमच्या घराचा दरवाजा तर लाकडाचा आहे, आणि त्याची कडी आमच्याच हाती आहे. पुढच्या वर्षी पालखी येईल तेव्हा, वाचकहो, दर्शनाला जाताना वाटेत एका घरी थांबा, आणि ज्याला कोणी नेत नाही त्याला हाक मारा. नाव ठाऊक नसेल, तर आजच विचारून ठेवा.